पांडेसऱ्यातला शेवाळाचा तलाव

ही हकीकत सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. पांडेसऱ्यातली आमच्याकडची जुनी माणसं अजूनही लग्नाकार्यात भेटतात. जेवणं झाली, पान तोंडात गेलं की कुणीतरी हटकून विचारतं, "मास्टर, तो तलाव रंगवणारा तुमचा मेहुणा, त्याचं पुढं काय झालं?" सगळे हसतात. मीही हसलो आहे. एकदा नव्हे, बऱ्याचदा. आता पंचाहत्तरी उलटली, आणि त्या हसण्याचं मला रात्रंदिवस ओझं होतं. म्हणून जे घडलं ते घडलं तसं लिहून ठेवतो.

मी मूळचा धुळे जिल्ह्यातला. सुरतेला आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. पांडेसऱ्याच्या एका साडी छापणाऱ्या मिलमध्ये बादल्या उचलण्यापासून सुरुवात केली आणि हळूहळू डाईंग मास्टर झालो. व्यापारी कापडाचा बोटभर तुकडा आणून द्यायचा आणि मी तोच रंग हजारो वार कापडावर उतरवून द्यायचो. शेड जुळवण्यात माझा हात धरणारा त्या रस्त्यावर कुणी नाही, असं शेठ चार माणसांत म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं.

आमच्या मिलचं पाणी मागच्या गटारातून खाडीला जायचं. मिलमध्ये कोणता रंग चालू आहे ते खाडीकडे पाहून सांगता यायचं. आम्हाला त्यात वावगं वाटत नव्हतं. पण प्लेगाची साथ येऊन गेली आणि शहर झाडूनपुसून निघालं. मग कारखान्यांच्या पाण्याकडेही साहेब लोकांचं लक्ष वळलं. चुना-तुरटी टाकून गाळ बसवायच्या टाक्या झाल्या. तरी पाणी पास होईना. छपाईच्या लगद्यात युरिया असतो, तो सगळा धुऊन पाण्यात उतरतो. चुन्यानं रंग खाली बसतो, युरिया बसत नाही.

त्याच सुमाराला माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान सुरतेला आले. आमचे आईवडील आधीच गेले होते. मी तिला लहानपणापासून बाई म्हणायचो आणि तिच्या नवऱ्याला दाजी. दाजी बी.एस्सी. झालेले, वनस्पतिशास्त्रातले. गावाकडच्या शाळेत तात्पुरती नोकरी होती, ती सुटली. मी शेठकडे शब्द टाकला आणि त्यांना पाण्याच्या टाक्यांवर लावून घेतलं. चुना मोजायचा, तुरटी कालवायची, पाण्याचा नमुना बाटलीत भरायचा, असलं काम. घरातला जावई चुन्यानं पांढरा होऊन परत जायचा, ते पाहून मला कसंतरी व्हायचं. पण त्यांनी कधी तक्रार केली नाही.

एके दिवशी त्यांनी मला टाक्यांच्या मागं नेलं. तिथं गळक्या नळाखाली पडलेल्या एका फुटक्या बादलीतलं पाणी गर्द हिरवं झालं होतं.

"भाऊ, ही घाण नाही," ते म्हणाले. "हे शेवाळ आहे. एकेक कण डोळ्याला दिसत नाही इतका बारीक. आपण ज्या युरियाला कंटाळलो, तो याचं जेवण आहे."

"मग?"

"मग काय! जेवू द्या त्याला. ते पाणी साफ करील, आणि वर आपल्याला खत देईल."

मी हसलो. म्हटलं, "दाजी, एवढं सोपं असतं तर शेठनं तुमच्याआधी बादली ठेवली असती."

ते हसले नाहीत. कॉलेजात त्यांच्या सरांनी शेवाळावर काम केलं होतं. त्यांनी सरांना पत्रं लिहिली, एक जुनं सूक्ष्मदर्शक यंत्र मागून आणलं. पाचसहा बादल्या मांडल्या. कुठल्या सेक्शनचं पाणी त्याला मानवतं, कुठल्यानं ते मरतं, हे पाहिलं. छपाईचं पाणी गाळ बसवून, आम्लानं त्यातला खार शांत करून, थोडं बोअरचं पाणी मिसळून दिलं की शेवाळ धरतं. रंगाईचं गडद पाणी दिलं की ऊन आत शिरत नाही आणि ते मरतं. हे सगळं त्यांनी मला इतक्यांदा समजावलं की मला पाठ झालं.

शेवटी मीच शेठना तयार केलं. मागच्या मोकळ्या जागेत विटांचा एक लांबट, उथळ हौद बांधला. गुडघ्याइतकंही पाणी नसेल त्यात. सगळे त्याला तलावच म्हणायचे. पाणी सतत फिरतं ठेवायला हवं होतं. भंगारात एक जुनं रंगाईचं यंत्र पडलं होतं. त्याचा कापड फिरवणारा मोठा लाकडी रहाट काढून, त्याला फळ्या ठोकून, आम्ही तो तलावावर बसवला. तो रहाट फिरायला लागला आणि पाणी संथपणे गोल निघालं तेव्हा दाजी कठड्यावर बसून लहान मुलासारखे पाहत राहिले. थंडी संपेपर्यंत तलाव असा हिरवागार झाला की शेजारच्या मिलची माणसं भिंतीवरून डोकावून जायची.

खाली निघणारं पाणी खरोखरच सुधारलं होतं. पण शेवाळाचं काय करायचं? ते जुन्या साड्यांतून गाळलं की दाट लगदा हाती येई आणि एका दिवसात कुजून घाण मारी. वाळवायला यंत्र नव्हतं. त्यावर तोड माझ्या बहिणीनं काढली. आमच्या खानदेशात बायका उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठाचे बिबडे घालतात. शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर हातानं पातळ थापायचं आणि उन्हात सोडायचं. ती म्हणाली, "पाणी आटवायचंच आहे ना? मग थापू या की." चाळीतल्या दोघीतिघींना घेऊन ती दुपारी मिलच्या गच्चीवर यायची आणि प्लास्टिकच्या कागदावर तो हिरवा लगदा थापायची. कोपरापर्यंत हात हिरवे.

शेजारीण चिडवायची, "काय वं, तळू का दोनचार?"

"तळ ना," बाई म्हणायची. "तुन्हा नवराले वाढ. मन्हा नवरा तं नुसता वासवरच पोट भरस."

खाली दाजींना ऐकू जायचं. ते वर पाहायचे आणि लाजायचे. त्या दिवसांत मी माझ्या बहिणीला जितकं हसताना पाहिलं, तितकं पुढं कधीच पाहिलं नाही. नवऱ्याच्या कामात तिचे हात लागत होते आणि सगळ्या चाळीला ते दिसत होतं.

संध्याकाळपर्यंत त्या थापलेल्या चकत्या कडा वळून सुटायच्या. चुरा करून पोत्यात भरायच्या. वास ओल्या गवताचा आणि थोडा माशाचा. दाजी ते कामरेजच्या एका रोपवाटिकेत नेऊन द्यायचे. तिथल्या केळीच्या रोपांना ते मानवलं. कुणीतरी म्हशींना घालू म्हणालं, तर दाजींनी साफ नकार दिला. म्हणाले, हे रंगाच्या पाण्यावर वाढलंय, यात काय काय उतरलं असेल ते तपासल्याशिवाय दुभत्या जनावराच्या तोंडी लावायचं नाही. माणूस असा होता. शंका असेल तिथं थांबणारा.

शेठनाही आता तलावाचं कौतुक वाटू लागलं होतं. सुरतेजवळच्या सचिन गावी त्यांचं दुसरं, मोठं युनिट उभं राहत होतं. तिथं असे चार तलाव बांधायचे आणि ते दाजींच्या हाती द्यायचे असं ते बोलून गेले. अट एकच होती. पाण्याच्या कामातली जाणकार मंडळी बाहेरून बघायला येणार होती. त्यांनी होकार दिला पाहिजे. बाईनं तेवढ्यावर सचिनला खोली कुठं घ्यायची, याचा विचारही सुरू केला.

आणि मंडळी यायच्या आदल्या आठवड्यात तलाव बसला.

दोन दिवसांत हिरव्याचा पिवळट झाला, मग मातकट. दाजींनी मला यंत्रातून दाखवलं. पाण्यात बारीक जीव पडले होते, पारदर्शक, वळवळणारे, आणि ते शेवाळ खात सुटले होते. दाजींचा चेहरा उतरला होता पण ते घाबरले नव्हते.

"होतं असं," ते म्हणाले. "पाणी सोडून देऊ, हौद धुऊ, बाटल्यांत बियाणं राखून ठेवलंय ते सोडू. पंधरावीस दिवसांत उभा राहील."

"आणि सोमवारी येणाऱ्यांना काय दाखवायचं?"

"हेच. खरं ते सांगू. जाणकार आहेत, समजतील."

मी शेठकडे गेलो. तारीख पुढं ढकला म्हणालो. शेठ हिशेबाच्या घाईत होते, मान वर न करता म्हणाले, "मास्टर, सोमवारे साहेब आवे छे. तळाव लीलुं जोइए, बस." तलाव हिरवा पाहिजे, बस.

मला वाटतं, त्यांना एवढंच म्हणायचं होतं की काहीतरी करा. मी मात्र ते रंगाऱ्याच्या कानानं ऐकलं. माझ्याकडे आजवर जो येई तो हेच सांगायचा, हिरवा पाहिजे, मोरपिशी पाहिजे, सोमवारी पाहिजे. आणि मी देत आलो होतो. त्यात भीतीही होती. दाजींसाठी शब्द मी टाकला होता, तलावासाठीही मीच. सोमवारी सगळं फसलं तर शेठच्या डोळ्यांतली माझी किंमत उतरणार होती. दाजींचंच भलं करतोय, असंही मी मनाला सांगितलं. ते पूर्ण खोटं नव्हतं, पण सगळ्यात मोठं कारणही ते नव्हतं.

दाजींच्या टेबलावर चांगल्या दिवसांतल्या तलावाचं पाणी एका काचेच्या बरणीत होतं. रविवारी मिलला सुट्टी. मी एकटा कलर किचनमध्ये, म्हणजे रंग कालवायच्या खोलीत, गेलो, कपाट उघडलं आणि त्या बरणीशी शेड जुळवायला बसलो. सुती कापडासाठीचे, पाण्यात विरघळणारे रंग घेतले. पिवळा, त्यात थोडा फिरोजी. फार भडक झाला. भडकपणा मारायला चिमूटभर तपकिरी. पांढऱ्या कापडाचे तुकडे बुडवून बरणीशेजारी धरत होतो. शेवटी जुळला. इतका जुळला की दोन्ही बरण्या शेजारी ठेवल्यावर कोणती कोणती ते मलाही क्षणभर कळेना. आणि मला, हे लिहायला लाज वाटते, आनंद झाला. एखादी अवघड ऑर्डर पार पडल्यावर व्हायचा तसा.

सोमवारी उजाडताच मी बादल्या तलावात ओतल्या आणि रहाट चालू केला. दोन फेऱ्यांत रंग सगळीकडे सारखा झाला.

दाजी आले ते लांबूनच थबकले. मग जवळजवळ धावत कठड्याशी आले. त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो मी विसरू शकत नाही, कारण तो ओंजळभर पाणी उचलेपर्यंतच टिकला. त्यांनी पाणी हुंगलं. बोटं पाहिली. बाहीला पुसली, ती बाही पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, हे काय?"

"आजचा दिवस निघू द्या दाजी. उद्या सोडून देऊ पाणी."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?"

ते काही बोलणार तोच फाटकात गाडी शिरली. शेठ पुढं धावले.

आलेल्या मंडळींत पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. बाकीचे शेठचं ऐकत होते. त्या नुसत्या तलावाकडे पाहत होत्या. "क्या सुंदर रंग है," म्हणाल्या. शेठ खुलले. दाजींना त्यांनी दोनतीन प्रश्न विचारले, कोणतं शेवाळ, किती दिवसांनी काढता. दाजी खाली पाहत तुटक उत्तरं देत होते. मग त्या बाईंनी पिशवीतून काचेचं नरसाळं काढलं, त्यात पांढरा कागद घडी करून बसवला आणि तलावातलं पेलाभर पाणी त्यावर ओतलं.

शेवाळाचं पाणी गाळलं की हिरवं कागदावर राहतं आणि खाली स्वच्छ पाणी पडतं. दाजींनी हे मला कैकदा करून दाखवलं होतं. त्या दिवशी कागदावर थोडा मातकट गाळ सोडून काहीच राहिलं नाही. पेल्यात थेंब थेंब हिरवं पाणी पडत राहिलं. सगळे ते थेंब पाहत उभे होते आणि रहाटाचा आवाज येत होता.

"ये शैवाल नहीं है, सेठजी," त्या म्हणाल्या. "ये डाई है।"

मग त्या दाजींकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या, वाईट वाटल्यासारख्या म्हणाल्या की तलाव मरणं हा काही गुन्हा नाही, आमचेही मरतात. मेला आहे म्हणून सांगितलं असतं तर आपण बसून बोललो असतो.

मंडळी गेली. शेठचं तोंड काळवंडलं होतं. "कोणे कर्युं आ?" त्यांनी विचारलं. हे कुणी केलं? प्रथम त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण रंगाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. दाजीही माझ्याकडेच पाहत होते. त्यांच्या पाहण्यात धमकी नव्हती. मी बोलेन असं त्यांना खरंच वाटत होतं.

मी म्हणालो, "शेठ, तलाव तर यांच्याच ताब्यात होता."

या वाक्यात एक शब्द खोटा नाही. याच वाक्याच्या आडोशाला मी अनेक वर्षं राहिलो.

दाजींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "हो. माझ्याच ताब्यात होता."

त्याच दिवशी त्यांना काढलं. बॉयलरची राख आणि विटांचे तुकडे टाकून तलाव बुजवला. दाजींनी माझ्या कपाटाची किल्ली चोरली, असं मिलमध्ये पसरलं. ते मी उठवलं नव्हतं. पण मी ते खोडलंही नाही. दाजी रस्त्यानं जायला लागले की पानाच्या टपरीवरची पोरं ओरडायची, "ओ दाजी, मन्ही लुंगी बी तलावमा बुडाई आना ना! हिरवी व्हई जाई!" दाजी मान खाली घालून जायचे. काही दिवसांनी ते दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले.

मला वाटलं होतं, घरी गेल्यावर ते बहिणीला सगळं सांगतील आणि ती माझ्या दारात येऊन मला फाडून खाईल. मी त्याची तयारी करून बसलो होतो. ती आलीही. मी दार उघडलं तर ती पदर डोळ्याला लावून उभी.

"भाऊ, यास्नी तुन्ही मान खाले घाली," ती म्हणाली. "तू शब्द टाका, आन् यास्नी असं करं. मले माफ कर."

आणि ती माझ्या पायाशी वाकली.

दाजींनी तिला सांगितलंच नव्हतं. मी तिला उठवलं, पाणी दिलं. माझी बायको आत होती, तिला हाक मारून चहा टाकायला सांगितला. तोंडातून निघालं ते एवढंच, "जाऊ दे बाई. होतं असं." मी तिला क्षमा केली. माझ्या हातून झालेल्या गोष्टीबद्दल मी माझ्या बहिणीला क्षमा केली, आणि ती बिचारी त्यानं थोडी सावरून घरी गेली.

पुढं ते दोघं कामरेजला राहायला गेले. दाजी एका खत-बियाण्यांच्या दुकानात गल्ल्यामागं उभे राहू लागले. सचिनचं युनिट सुरू झालं आणि शेठनी मला तिथं मुख्य मास्टर केलं. शेवाळाचं नाव मिलमध्ये पुन्हा कुणी काढलं नाही. पाणी बाकीच्यांसारखंच जात राहिलं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. आईवडील नसल्यानं माझं घर हेच बाईचं माहेर. ती दरवर्षी यायची. माझी बायको पुरणपोळ्या आणि आमरस करायची, गच्चीत दोर टाकून झोका बांधायची, आणि चाळीतल्या सगळ्या सासुरवाशिणी गाणी म्हणायच्या. दाजी तिला दारापर्यंत सोडायचे, पाणी प्यायचे आणि निघून जायचे. "दुकान उघडं आहे," म्हणायचे. बाई मागून कुजबुजायची, "कोणत्या तोंडानं बसतील?" एखादे वेळी तेही आत बसले, तर बोलता बोलता ती टोमणा मारायची. कुणाच्या साडीचा रंग गेला असं निघालं की म्हणायची, "यांना विचारा, रंगातले मोठे जाणकार आहेत." सगळे हसायचे. दाजी पाण्याचा तांब्या उचलायचे. मी ताटाकडे पाहायचो.

मी तोंड उघडायचं किती वेळा ठरवलं, ते आता आठवतही नाही. कामरेजच्या बसमध्ये बसून वाक्यं जुळवत गेलो आहे. दुकानात गिऱ्हाईक असायचं. घरी मुलं असायची. एकदा कुणीच नव्हतं. दाजी आणि मी, दोघंच ओट्यावर. मी म्हणालो, "दाजी, त्या तलावाचं..." आणि ते म्हणाले, "भाऊ, यंदा तुमच्याकडे आंबा कसा आहे?" मला इतकं हलकं वाटलं की मी आंब्यावर तासभर बोलत बसलो.

बाई गेली ती पोटाच्या आजारानं. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात मी तिच्याजवळ बसायचो. एका दुपारी दाजी औषधं आणायला खाली गेले होते. ती म्हणाली, "भाऊ, एक विचारू? माणूस वाईट नाही रे हा. जन्मात एकदाच लबाडी केली यांनी. पण मी यांना फार बोलले. येताजाता बोलले. मनातून कधी आदर वाटला नाही त्यानंतर. चुकलं का माझं?"

वॉर्डात गर्दी नव्हती. दाजी वर यायला वेळ होता. मला कुणी अडवलं नव्हतं. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणालो, "झोप बाई. नको त्या आठवणी काढू."

तिनं डोळे मिटले. त्याच आठवड्यात ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर पाहुणे पांगले. मी मुद्दाम मागं राहिलो. दाजी तिच्या साड्या घडी करून पिशवीत भरत होते. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि हात जोडले. "दाजी, मला तुम्हाला एक..."

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मला सांगून काय? मला माहीतच आहे. जिला सांगायचं होतं ती गेली."

"तुम्ही तरी का नाही सांगितलं तिला?"

त्यांनी हातातली साडी पुरती घडी केली, तिच्यावरून हात फिरवला, मग बोलले. "पहिल्या रात्री सांगणारच होतो. ती रडत होती. म्हणत होती, आईबाप गेले तरी मला भाऊ आहे, त्याचं तोंड तुम्ही काळं केलंत. तेव्हा वाटलं, नवरा कसाही निघाला तरी ती माझ्याजवळच राहील. पण भाऊ असा आहे हे कळलं तर तिला जायला माहेर उरणार नाही. दुसरं होतं कुठं तिला?" साडी पिशवीत ठेवत ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही सांगाल. आज ना उद्या. तुमच्या तोंडून कळलं असतं तर तिनं सोसलं असतं. मग वर्षं गेली आणि तिला तेच खरं वाटायची सवय झाली. मलाही."

दाजींनी चहा केला. आम्ही दोघांनी तो घेतला. मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "आखाजीला आता येणं होणार नाही." आणि खरंच ते पुन्हा आले नाहीत. दोन वर्षांनी तेही गेले. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पांडेसऱ्यातल्या माणसांनी हे वाचलं तर एवढं ध्यानात घ्यावं, की तलाव रंगवणारा माझा मेहुणा नव्हता. त्यानं जो तलाव केला तो खरा होता. ते शेवाळ खरं होतं, साफ झालेलं पाणी खरं होतं. पण ज्यांना हे सांगितल्यानं काही फरक पडला असता, त्यांच्यापैकी आता कुणी नाही. दवाखान्यातल्या त्या दुपारी जे बोलायला हवं होतं, ते फार मोठं नव्हतं. मी ते अनेक वर्षं घोटून तयार ठेवलं होतं; दाजी गप्प का राहिले तेवढं नंतर कळलं, ते जोडून इथं लिहितो.

बाई, तुझं चुकलं, पण ते माझ्यामुळे. तलावात रंग मी ओतला. तुझ्या नवऱ्यानं लबाडी केली नाही, तो फक्त गप्प राहिला, तुझं माहेर तुटू नये म्हणून. तू माझ्या पाया पडलीस तेव्हा मी तुझ्या पाया पडायला हवं होतं. दाजी आत येतील आता औषधं घेऊन. त्यांच्याकडे एकदा नीट पाहा. आणि जमलं तर मला माफ कर.